नथीपासून डोळ्यापर्यंत

मुलुंडच्या एका कार्यालयात भाचीचं लग्न होतं. मंगलाष्टकांआधी नवरी आतल्या खोलीत बसलेली, खिडकीतून बेताचाच उजेड. फ्लॅश मारायला जिवावर आलं, म्हणून अंधेरीहून भाड्याने आणलेली ८५ मिलिमीटरची एफ/१.२ लेन्स पूर्ण उघडी ठेवली आणि मीटरभरावरून पंधरा-वीस फोटो काढले. घरी मोठ्या पडद्यावर पाहतो तर नथीतला मोती न् मोती मोजून घ्यावा इतका स्वच्छ आणि डोळे मात्र मऊ. त्या अंतरावर ही लेन्स जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचा काप स्पष्ट दाखवते. नथ डोळ्यांच्या त्याहून जास्त पुढे असते.

एका फोटोत डोळे साधले होते. तिथे वेगळीच गंमत. पुढे आलेल्या नथीच्या मोत्यांना जांभळट-गुलाबी कड, मागे गेलेल्या पदराच्या जरीला हिरवट. शालू तर मोतिया रंगाचा होता!

काच निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त वाकवते, त्यामुळे सगळे रंग एकाच जागी येऊन मिळत नाहीत. दोन जातींच्या काचा जोडून यावर उतारा काढला गेला. लंडनच्या जॉन डॉलंडने १७५८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पण ही जोडी दोन रंगांना एकत्र आणते, उरलेले थोडे इकडेतिकडे राहतातच. लेन्सचं तोंड लहान असेल तर ते खपून जातं. तोंड मोठं केलं की तिरके किरण आत येतात आणि लपलेलं सगळं बाहेर पडतं. कॅननने २०१५ मध्ये ३५ मिलिमीटरच्या एफ/१.४ लेन्समध्ये काचांच्या मधोमध निळ्या प्रकाशाला वठणीवर आणणारा सेंद्रिय पदार्थाचा थर घातला, तो याच दुखण्यासाठी.

ही कड बघायची असेल तर रात्री घाटकोपरच्या फलाटावर उभं राहावं. अंधारात इंडिकेटरचे लुकलुकते ठिपके, लोकलचा हेडलाइट, दारातला स्टीलचा दांडा. जिथे झगझगीत उजेड काळोखाला खेटून असतो, तिथे ती हमखास येते. मला तिचा फारसा राग नाही. संगणकावर दोन पट्ट्या सरकवल्या की ती बरीचशी जाते. फोकसचं तसं नाही. चुकला तो चुकला.

म्हणूनच अंधेरी-गोरेगावच्या शूटिंगच्या पट्ट्यात ही चूक टाळण्यावर पोट असलेला एक माणूस असतो, फोकस पुलर. कॅमेऱ्याच्या अंगावर सेन्सरची पातळी दाखवणारं, आडवी रेघ मारलेलं छोटं वर्तुळ असतं. तिथे टेप लावून तो नटाच्या डोळ्यापर्यंतचं अंतर मोजतो, जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने खुणा करतो आणि फोकसच्या चाकाच्या पांढऱ्या चकतीवर पेन्सिलीने रेघा ओढतो. नट खुणेच्या चार बोटं पुढे थांबला, तर पुलरचा हात आपसूक चार बोटं पुढे जायला हवा. मॉनिटरवर धूसर दिसेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. त्यामुळे मुरलेला पुलर पडद्यापेक्षा नटाच्या पावलांकडे जास्त बघतो. शॉट चांगला झाला तर टाळ्या नटाला. सेटवर 'सॉफ्ट गेला' ऐकू आलं की सगळ्यांच्या माना याच्याकडे.

या कामाची कमाल स्टॅन्ली कुब्रिकच्या 'बॅरी लिंडन'मध्ये झाली. चित्रपट १९७५ चा. झाइसने नासासाठी बनवलेली ५० मिलिमीटरची एफ/०.७ लेन्स लावून त्याने नुसत्या मेणबत्त्यांवर दृश्यं टिपली. नट पुढे झुकला की मागे, हे समोरून कळेना, म्हणून काटकोनात दुसरा व्हिडिओ कॅमेरा ठेवला होता. फोकस पुलर डग्लस मिल्सम त्या कॅमेऱ्याचं चित्र बघून चाक फिरवायचा.

लेन्स परत करायला अंधेरीला गेलो, तेव्हा काउंटरवरच्या पोराने काच उजेडात धरून तपासता तपासता विचारलं, "कितीवर चालवली?"

"एक पॉइंट दोन."

"लग्नात? काका, दोन पाऊल मागे व्हायचं आणि दोन पॉइंट आठ ठेवायचं."

हिशोब करून पाहिला. दोन मीटरवरून एफ/२.८ ला नऊ सेंटिमीटर मिळतात, नथ आणि डोळे दोन्ही त्यात बसतात. उजेड मात्र साडेपाच पटीने कमी. मी तेच त्याला म्हणालो.

"मग लाइट लावायचा ना," तो म्हणाला आणि डिपॉझिट मोजायला लागला.