फोडणीच्या डब्यातून थेट कुंडीत

मोहरी आपण आयुष्यभर तडतडवतो, पेरत मात्र नाही. डब्यातलीच चमचाभर मोहरी कुंडीतल्या ओलसर मातीवर भुरभुरा, वर मातीचा पातळ थर द्या. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात आणि महिन्याभरात भाजीपुरता पाला. मुहूर्त तेवढा दसरा-दिवाळीचा गाठायचा. उन्हाळ्यात पेरलीत तर रोप पानांआधी फुलायच्या घाईला लागतं आणि पाला राठ होतो. फुलंही खाता येतात, हा त्यातल्या त्यात दिलासा!

या मोहरीचं घराणं मोठं गमतीचं. काळी मोहरी एकीकडची, सलगम आणि पाक चोय ज्या जातीतले ती दुसरीकडची. या दोघांच्या संकरातून आपली नेहमीची मोहरी जन्मली. गुणसूत्रांच्या 8 जोड्या आणि 10 जोड्या, मिळून 18. हिशेब चोख! 1935 मध्ये तो मांडला नागाहारू उ या शास्त्रज्ञाने. त्याचे वडील कोरियन, आई जपानी. संकराचं गणित सोडवायला याहून योग्य माणूस कुठून मिळणार?

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि केल ही तर चक्क एकाच जातीची भावंडं. कुणाचा गड्डा वाढवला, कुणाचा दांडा, कुणाची फुलं. म्हणजे दुकानातली महागडी केल आणि भाजीवाल्याने नवलकोलावरून ओरबाडून फेकलेला पाला यांत नातं सख्खं आहे. काश्मीरमध्ये नवलकोल पाल्यासकट शिजतो, त्याला मोंजी हाक म्हणतात. आपण तो पाला टाकतो, हा शुद्ध करंटेपणा. कुंडीत नवलकोल लावलात तर कोवळी पानं दोन-चार करून खुडत राहा. सगळी एकदम ओरबाडलीत तर गड्डा पोसायचा कसा?

मोहरीचं पान नुसतं हुंगलं तर फारसं काही जाणवत नाही. चावलं की नाकात झिणझिण्या! कारण तिखटपणा पानात तयार नसतो. त्याचा कच्चा माल एकीकडे, तो फोडणारं विकर दुसरीकडे. पान तुटलं की दोघांची गाठ पडते. किड्यांना पळवून लावायची ही व्यवस्था. पण कोबीवरचा मावा महावस्ताद. तो पानातला कच्चा माल शोषून अंगात साठवतो आणि विकर स्वतःचं बनवतो. त्याला खाणाऱ्या किड्याच्याच तोंडात मग मोहरीचा भडका!

कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाला मात्र मोहरीचा मोह आवरत नाही. म्हणून शेतकऱ्यांना कोबीच्या दर 25 ओळींमागे मोहरीच्या 2 ओळी लावायला सांगतात. पतंग तिकडे अंडी घालतो, कोबी वाचतो. बाल्कनीत 25 ओळी कुठल्या? तिथे कोबीशेजारी मोहरीची एखादी कुंडी ठेवा आणि रोज सकाळी तिची पानं उलटून अळ्या वेचा.