काका, यादी लिहून घ्या!

‘साखर आहे का?’
‘आहे.’
‘कशी आहे?’
‘गोड.’

पुणेरी दुकानदारांवरचे असे जोक्स आपण कॉलेजच्या कट्ट्यापासून ऐकत आलोय. ‘एक ते चार बंद’ हा तर सगळ्यांत हिट आयटम. पण मंडळी, चितळे बंधूंनीही जुलै २०१७ पासून दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. जमाना बदललाय. आता तर मोबाइलवर टिचकी मारली, की काही मिनिटांत कांदे-बटाटे दारात! मग गल्लीतल्या किराणावाल्या काकांकडे असं काय आहे, जे अ‍ॅपकडे नाही?

याचं उत्तर शोधायला मी कोथरूडमधल्या आमच्या काकांच्या काउंटरपाशी तीन संध्याकाळी चक्क ठिय्या दिला. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. बर्म्युडातला एक मुलगा आला, नुकताच फ्लॅट शेअर करायला लागलेला. म्हणाला, ‘‘दोन किलो रवा द्या.’’

काका म्हणाले, ‘‘दोन किलो कशाला? पावसाळा आहे, किडे होतील. अर्धा किलो न्या. घरी गेल्यावर भाजून डब्यात भरा, म्हणजे टिकेल.’’

दीड किलोची विक्री काकांनी स्वतःहून सोडली! दुसऱ्या दिवशी तोच मुलगा ‘खिचडीला कुठला तांदूळ?’ विचारायला हजर. कस्टमर रिलेशनचा हा फंडा कुठल्या एमबीएत शिकवतात, कुणास ठाऊक.

बेल वाजवणारी सर्व्हिस

आपण काय घेतलं, हे अ‍ॅपच्याही लक्षात राहतं. काकांच्या लक्षात माणूस राहतो. आमच्या बिल्डिंगमध्ये एक आजी एकट्या राहतात, मुलगा अमेरिकेत. दर शनिवारी त्या फोनवर यादी सांगतात. एखाद्या शनिवारी फोन आला नाही, तर काका दुकानातल्या मुलाला वर पाठवतात. तो बेल वाजवतो, ‘‘आजी, बऱ्या आहात ना?’’ विचारतो आणि खाली येतो. याचा चार्ज कुठल्याच बिलात नसतो. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, तेव्हाही अत्यावश्यक म्हणून किराणा दुकानं सुरू होती आणि आमच्या गेटवर नावं लिहिलेल्या पिशव्या याच दुकानातून येत होत्या.

अर्थात सगळेच दुकानदार असे नसतात. सुट्या पैशांऐवजी गोळ्या हातावर टेकवणारे, कोल्ड्रिंक ‘गार करायचे’ म्हणून एमआरपीवर दोन रुपये लावणारे तुम्हालाही भेटले असतील. एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेणं बेकायदेशीर आहे. आणि ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल द्यायला नकार देणंही त्यातच येतं. पण आमच्या काकांना कायदा दाखवावा लागत नाही. एका काकूंनी खवट शेंगदाणे परत आणले. काकांनी एक दाणा तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं आणि मुकाट्याने बदलून दिले. वर उरलेलं अख्खं पोतं बाजूला काढून ठेवलं.

आता आपली बाजू

तेल, डाळी, साबण असा सगळा मोठा माल आपण डिस्काउंट बघून ऑनलाइन मागवतो. काका आठवतात ते कोथिंबिरीला, सुट्या पैशांना आणि आपलं कुरिअर ठेवून घ्यायला. मी काकांना विचारलं, ‘‘महिन्याची यादी देणारी घरं किती राहिली?’’

त्यांनी खात्याची वही माझ्यापुढे सरकवली. ‘‘पूर्वी वर्षाला वही पुरायची नाही. आता उरते, बघ.’’ मागची निम्मी पानं कोरी होती.

कोथिंबिरीच्या जुडीवर दुकानाचं भाडं निघत नाही आणि दुकान गेलं, तर आजींची बेल वाजवायला कुणी येणार नाही. म्हणून मी एक साधा हिशेब ठरवलाय. डाळ, तांदूळ, पोहे, रवा, तेल काकांकडून, बाकीचं कुठूनही. चार पैसे जास्त जातात, मान्य. पण ते कशासाठी जातात, हे मला माहीत आहे. तुमच्या गल्लीतही असे एक काका असतीलच. या महिन्याची यादी कुणाला देताय?