बऱ्हाणपूरची केळी आणि जमिनीखालचं पाणी

सातपुड्यात मुरलेलं पावसाचं पाणी तापीकडे झिरपताना मधेच अडवायचं आणि भुयारातून उताराने शहरात आणायचं, अशी योजना मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपुरात 1615च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना मुघल सुभेदार असताना उभी राहिली. तिचाच एक भाग असलेला कुंडी भंडारा आजही पाणी देतो.

मात्र, पाणी मुरायला पाऊस संथ हवा. पण हवामान बदलाने हवेचं तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढलं की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. मग पाऊस थोड्या दिवसांत धो धो कोसळतो, मुरण्याआधीच वाहून जातो.

याची झळ केळीला बसते. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेरप्रमाणेच बऱ्हाणपुरातही शेतीचं अर्थकारण केळीवर उभं आहे. हे पीक वर्षभर पाणी मागतं. कडक उन्हात पानं करपतात, वादळात बागा आडव्या होतात. ठिबकने पाणी वाचतं, पण विहिरी, कूपनलिकांत ते हवं.

2022मध्ये ‘हर घर जल’ प्रमाणपत्र मिळवणारा बऱ्हाणपूर हा देशातला पहिला जिल्हा ठरला. नळ घरोघरी पोहोचले, पण त्यांत पाणी टिकायला हवं. आता सातपुड्याचं जंगल राखणं आणि शेताशेतात पाणी जिरवणं, ही कामं तितक्याच तातडीने हाती घ्यायला हवीत.