क्रेट ज्याचे, बाजार त्याचा

शीतपेयाच्या कारखान्यात शिरल्यावर नाकाला लागतो तो कॉस्टिक सोडा. दुकानांतून परत आलेल्या काचेच्या बाटल्या आधी धुलाई यंत्रात जातात. गरम कॉस्टिकचं पाणी, मग साधं पाणी, आणि खळखळाट असा की शेजारी उभा असलेला माणूस काय म्हणतो ते त्याच्या ओठांवरून ओळखावं लागतं. मी गेलो होतो तो एका परवानाधारक बॉटलरचा प्लांट. धुतलेल्या बाटल्या प्रकाशित पांढऱ्या पडद्यासमोरून सरकत होत्या आणि समोर बसलेला कामगार पापणी न हलवता त्यांच्याकडे बघत होता. तळाशी चिकटलेला स्ट्रॉचा तुकडा, टवका उडालेलं तोंड दिसलं, की बाटली बाहेर. हे काम एका माणसाला फार वेळ देत नाहीत, डोळे थकतात. पुढे भरणं आणि बूच बसवणं इतक्या झपाट्यात होतं की बघण्यासारखं फार उरत नाही.

सिरपच्या खोलीत मात्र धंदा कळतो. साखर बॉटलरची, पाणी बॉटलरचं, वीज, काच, क्रेट, ट्रक सगळं त्याचंच. ब्रँडच्या मालक कंपनीकडून येतो तो सीलबंद कॉन्सन्ट्रेट. त्यात नेमकं काय आहे, हे ते पेय रोज भरणाऱ्या मालकालाही माहीत नसतं.

ही वाटणी जुनी आहे. १८९९ साली चॅटानूगाच्या दोन वकिलांनी अमेरिकेच्या बहुतेक भागासाठी कोका-कोला बाटलीत भरायचे हक्क मिळवले, ते एका डॉलरच्या करारावर. कोका-कोलाचा मालक एसा कँडलर याचा बाटलीवर विश्वासच नव्हता. व्यापारातल्या इतक्या फायदेशीर चुका मोजक्याच असतील: दुसऱ्यांच्या भांडवलावर त्याचं पेय देशभर पोचलं.

१९७७ साली भारत सोडून गेलेली कोका-कोला १९९३ साली परतली, तेव्हा तिने रमेश आणि प्रकाश चौहान यांच्या पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा आणि माझा हे ब्रँड घेतले. बातमी ब्रँडची झाली. माझ्या मते खरा सौदा त्यामागच्या साठेक बॉटलरांचा होता. कुठल्या तालुक्यात उन्हाळ्यात किती क्रेट लागतात, कुणाला उधार द्यायचं, हे ज्ञान त्यांच्याकडे होतं. ते उभं करायला परक्या कंपनीची वर्षं गेली असती. ब्रँडचं काय, सिट्रा आणि गोल्ड स्पॉट बाजारातून गेले. थम्स अपही मागे पडणार असं वाटत होतं. पण गिऱ्हाईक ‘थम्स अपच द्या’ म्हणत राहिलं आणि २०२१ साली तो अब्ज डॉलरचा ब्रँड झाला.

पुढे कोका-कोलाने या बॉटलरांचे बरेच प्लांट स्वतःच विकत घेतले. मग पुन्हा उलटी चाल: २०२४ साली राजस्थान, बिहार, ईशान्य भारत आणि पश्चिम बंगालचा काही भाग फ्रँचायझी बॉटलरांकडे गेला, आणि डिसेंबरमध्ये तिच्या बॉटलिंग शाखेच्या, हिंदुस्तान कोका-कोला बेव्हरेजेसच्या, मूळ कंपनीतला ४० टक्के हिस्सा जुबिलंट भरतिया समूहाला विकायचं ठरलं. काच आणि ट्रक सांभाळण्यात पैसा अडकतो. कॉन्सन्ट्रेट विकण्यात तो सुटतो.

बॉटलरांशिवाय ब्रँड घेतला की काय होतं तेही दिसलं. रिलायन्सने २०२२ साली कॅम्पा हा शीतपेयाचा ब्रँड घेतला तेव्हा हातात आलं ते मुख्यतः एक जुनं नाव. ते भरायला प्लांट आणि भागीदार जमवावे लागले, आणि दुकानदाराच्या फ्रीजमध्ये जागा मिळवायला २०० मिलिलिटरची बाटली १० रुपयांना ठेवावी लागली.