बोरी अरबची केबल तुटली, तर उमरखेडच्या राऊटरला घाम का फुटावा?

रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर केबल तोडली, नेट गेलं, ई-केवायसीची रांग तशीच राहिली. गावाकडे हे काही नवीन नाही. म्हणूनच २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये ग्रामपंचायती रिंगमध्ये जोडायचं ठरलं. एक बाजू तुटली, तर डेटा दुसऱ्या बाजूने जाईल.

पण वाट बदलायची हे ठरवतं कोण? राऊटर. त्यासाठी जगभर वापरला जाणारा एक प्रोटोकॉल म्हणजे ओएसपीएफ. यात प्रत्येक राऊटरकडे नेटवर्कचा पूर्ण नकाशा असतो. लिंक तुटली की बातमी सगळ्यांना जाते आणि प्रत्येक जण जवळची वाट नव्याने काढतो. हिशोबाची पद्धत डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये मांडलेली.

दहा राऊटर असतील तर ठीक. पण हजार असले आणि बोरी अरबची लिंक सारखी चालू-बंद होत राहिली, तर पार उमरखेडचा राऊटरही दर वेळी आकडेमोड करत बसणार!

यावर उपाय म्हणजे एरिया. समजा, यवतमाळ जिल्ह्याचं असं नेटवर्क तुम्हालाच आखायचंय. दारव्हा तालुका एरिया १, दिग्रस एरिया २ आणि मधला कणा एरिया ०. हा शून्य सक्तीचा. दारव्हा आणि दिग्रस शेजारी असले, तरी एका एरियातून दुसऱ्यात जाणारा डेटा कण्यातूनच जातो. आता बोरी अरबचा तपशीलवार नकाशा फक्त दारव्ह्यातले राऊटर ठेवतील.

नवखे अडकतात ते पुढे. एका लिंकच्या दोन्ही टोकांना एरियाचा नंबर सारखाच हवा, नाहीतर राऊटर एकमेकांना शेजारी मानतच नाहीत. दुसरं, नुसता एरिया पाडून भागत नाही. सीमेवरचा राऊटर प्रत्येक गावाचा पत्ता वेगवेगळाच बाहेर सांगत राहतो. तालुक्याला सलग पत्ते द्यायचे, उदाहरणार्थ १०.२०.०.० ते १०.२०.२५५.२५५, आणि सीमेवरच्या राऊटरला सांगायचं की बाहेर ही एकच ओळ कळव. मग गावातली तूटफूट तालुक्याबाहेर जात नाही. पत्ते आधीच विस्कळीत वाटले असतील, तर मात्र हे जमवणं महाकठीण.

आणि हो, सीमेवरचा राऊटर एकच ठेवू नका. तो बंद पडला, तर रिंग शाबूत असूनही अख्खा तालुका जगापासून तुटतो. दोन ठेवा, तेही वेगवेगळ्या इमारतींत.