टकरीतला त्रिकोण

प्रयोगशाळेत ‘छोटा महास्फोट’ घडवल्याची बातमी अधूनमधून झळकते. महास्फोट राहू द्या. खरी गंमत त्यातून निघालेल्या थेंबात आहे. अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत २००० पासून सोन्याची अणुकेंद्रकं जवळपास प्रकाशाच्या वेगानं एकमेकांवर आदळवली गेली. प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतले क्वार्क आणि ग्लुऑन मोकळे झाले की त्यांचा वायू होईल, अशी बहुतेकांची अटकळ होती. निघाला द्रव, तोही जवळजवळ न चिकटणारा.

पण हे कळलं कसं? प्रकाशाला अणुकेंद्रक ओलांडायला लागेल, साधारण तेवढंच या थेंबाचं आयुष्य. हाती लागतात ते फक्त चहूकडे उडालेले हजारो कण.

टक्कर सहसा नेमकी समोरासमोर होत नाही, त्यामुळे एकमेकांवर आलेला भाग बदामासारखा असतो. द्रवात बदामाच्या आखूड बाजूकडे दाब झपाट्यानं उतरतो, म्हणून तिकडे जास्त कण जोरात फेकले जातात. फ्रान्सच्या झाँ-इव्ह ओलित्रो यांनी हे १९९२ मध्येच सांगितलं होतं. (टकरींना द्रवाची समीकरणं लावण्याची कल्पना तर भौतिकशास्त्रज्ञ लँडाऊची, १९५३ची!)

एक कोडं मात्र सुटेना. वेगवान कणाच्या विरुद्ध बाजूला कणांच्या संख्येत एका उंचवट्याऐवजी दोन दिसत. स्वनातीत विमानामागे उठते तशी आघातलहर द्रवात उठत असावी, असं म्हणत शोधनिबंधांचा पाऊस पडला.

चूक साधी होती. गणितात अणुकेंद्रक गुळगुळीत धरलेलं होतं. प्रत्यक्षात सोन्याच्या केंद्रकात १९७ प्रोटॉन-न्यूट्रॉन असतात आणि दर टकरीत त्यांची मांडणी निराळी. या विस्कळीतपणामुळे बदामाचा आकार किती बदलतो, याचं गणित मुंबईच्या टीआयएफआरमधले राजीव भालेराव आणि ओलित्रो यांनी २००६ मध्ये मांडलं होतं. २०१० मध्ये एमआयटीतल्या बुराक आल्व्हर आणि गुंथर रोलांड यांनी पुढचं पाऊल टाकलं: विस्कळीत मांडणीत बदामाबरोबर त्रिकोणही दडलेला असतो. पलीकडचे दोन उंचवटे, अलीकडचा एक. झाले तीन कोपरे. आघातलहरीची गरजच उरली नाही.

आता संगणकावर प्रत्येक टकरीसाठी वेगळा खडबडीत थेंब घेऊन तो वाहू दिला जातो. चिकटपणा बारीक आकार आधी पुसतो. त्रिकोण बदामापेक्षा किती फिका पडला, यावरून हा चिकटपणा मोजता येतो. स्ट्रिंग सिद्धांतानं सुचवलेल्या चिकटपणाच्या किमान मर्यादेच्या एक ते अडीच पट, असा अंदाज २०११च्या सुमारास पुढे आला. मथळे स्ट्रिंग सिद्धांतानं पटकावले. आकडा मात्र द्रवाच्या गणितातून आला.