वेशी, स्थानके आणि गाव : कारंज्याच्या शकुंतलेचा बोध

वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) या जुन्या शहराच्या चार वेशी प्रसिद्ध आहेत. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस ही त्यांची नावे. या वेशींना राजांची किंवा देवतांची नावे दिलेली नाहीत. वेशीतून बाहेर पडणारा रस्ता जिकडे जातो, त्या गावाचे नाव वेशीला मिळाले आहे. रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी कारंजेकरांनी आपल्या शहराची खूण प्रवासाच्या दिशेने ठरविली होती, असेच म्हणावे लागेल. पुढे रेल्वे आली, तेव्हा दारव्ह्याची वाट लोहमार्गानेही जोडली गेली. आज त्या मार्गावर गाडी धावत नाही. मानोरा तालुक्यातील इंझोरी आणि आसपासच्या गावांना कारंजा हे बाजाराचे व शिक्षणाचे जवळचे ठिकाण. म्हणूनच स्थानक गेल्याने गावाचे काय जाते आणि काय राखता येते, हा प्रश्न या भागातील ग्रामपंचायतींच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे.

कापसाची पेठ

कारंज्याचे महत्त्व अनेक अंगांनी आहे. दत्तसंप्रदायातील श्रीनृसिंहसरस्वती यांचे हे जन्मस्थान. त्यामुळे येथील गुरुमंदिरात वर्षभर भाविकांची वर्दळ असते. काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण या दिगंबर जैन परंपरांची मंदिरे येथे असून त्यांतील हस्तलिखितांच्या भांडारांनी भारतीय विद्येच्या अभ्यासात मोलाची भर घातली आहे. अपभ्रंश भाषेतील काही काव्ये येथील पोथ्यांवरून संपादित होऊन 'कारंजा जैन ग्रंथमाले'त प्रसिद्ध झाली. प्रा. हीरालाल जैन यांनी १९३० च्या सुमारास केलेले हे कार्य प्राकृत व अपभ्रंशाचे अभ्यासक आजही गौरवाने उल्लेखितात. १९१८ मध्ये स्थापन झालेले महावीर ब्रह्मचर्याश्रम ही येथील आणखी एक नामवंत संस्था होय.

परंतु रेल्वेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कापूस. १८८६ मध्ये कारंजा येथील कापूस बाजार शासकीय नियमनाखाली आला. देशातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून कृषी पणनाच्या इतिहासात त्याची नोंद आहे. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांच्या वंशवृक्षाचे मूळ शोधू गेल्यास ते असे कारंज्यात सापडते.

या बाजारातील कापूस मुंबईला जाण्यासाठी आधी मूर्तिजापूर गाठावे लागे. मुंबई-नागपूर हा मुख्य लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पूर्ण झाला होता आणि मूर्तिजापूर त्यावरील स्थानक होते. कारंज्यापासून तेथपर्यंतचे तीसहून अधिक कि.मी. अंतर बैलगाड्यांनी काटावे लागे. काळ्या मातीच्या या मुलखात पावसाळी वाटेने मालाने भरलेली गाडी नेणे किती कष्टाचे असेल, हे वऱ्हाडातील शेतकऱ्याला सांगावयास नको.

अरुंद मार्गाची रेल्वे

ही अडचण दूर करण्यासाठी अरुंदमापी रेल्वेची योजना पुढे आली. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी संस्थेच्या पुढाकाराने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन झाली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूर-यवतमाळ हा ११३ कि.मी.चा आणि मूर्तिजापूर-अचलपूर हा ७६ कि.मी.चा मार्ग तयार झाला. पहिल्या मार्गावर कारंजा आणि दारव्हा मोतीबाग ही प्रमुख स्थानके. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव-आर्वी हा ३५ कि.मी.चा मार्गही याच कंपनीचा. लोकांनी या गाडीला 'शकुंतला' हे जिव्हाळ्याचे नाव दिले आणि तेच रूढ झाले.

रुंदमापी मार्गाच्या दोन रुळांत १,६७६ मि.मी. अंतर असते, तर शकुंतलेच्या रुळांत ते ७६२ मि.मी. होते. अंतर कमी असल्याने जमीन, खडी, पूल व डबे या सर्वांचा खर्च कमी येई. थोड्या भांडवलात दूरवरची पेठ जोडता येई, हा त्याचा लाभ. तोटा मात्र पुढे जाणवला. अरुंद मार्गावरचा डबा रुंद मार्गावर जाऊ शकत नाही. म्हणून मूर्तिजापूरला प्रत्येक गाठोडे उतरवून दुसऱ्या गाडीत भरावे लागे. मालमोटारी आल्यावर शेतातून निघालेला कापूस एकदाच भरून थेट गिरणीपर्यंत जाऊ लागला आणि रेल्वेचा माल ओसरला. मालाची आवक आटल्यावर दुरुस्ती मागे पडली, दुरुस्ती मागे पडल्यावर वेग घटला आणि वेग घटल्यावर प्रवासी एस.टी.कडे वळले. असे हे एकातून एक उद्भवणारे चक्र होते.

या मार्गाची आणखी एक विशेषता होती. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे शासनाकडे आल्या, तरी या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली आणि गाड्या मात्र करारानुसार मध्य रेल्वेने चालविल्या. मालक एक आणि चालविणारा दुसरा, अशा व्यवस्थेत नवा खर्च कोणी करावयाचा हा प्रश्न सुटणे कठीण होते. मँचेस्टर येथे १९२१ मध्ये बनविलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत या मार्गावर धावत राहिले. त्यानंतर डिझेल इंजिने आली. अखेरच्या काळात लहान स्थानकांवर स्वतंत्र कर्मचारी उरले नव्हते. तिकिटे देण्यापासून फाटक लावण्यापर्यंतची कामे गाडीबरोबरची मोजकी माणसेच करीत. २०१० नंतरच्या दशकात शकुंतलेची सेवा थांबली. मार्गाच्या रुंदीकरणाची मागणी मात्र थांबलेली नाही.

जपानमधील एक उदाहरण

असाच प्रसंग जपानमधील एका लहान मार्गावर आला होता. वाकायामा प्रांतातील किनोकावा हे कारंज्यासारखेच साठ-सत्तर हजार वस्तीच्या पातळीतील शहर. तेथील कोकावा-देरा हे मंदिर पश्चिम जपानमधील तेहतीस पवित्र स्थानांच्या यात्रेतील तिसरे स्थान आहे. १८०४ मध्ये रुग्णास औषधाने पूर्ण बेशुद्ध करून स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करणारे वैद्य हानाओका सेइशू हे याच परिसरातील. या शहरातील किशी या स्थानकापासून वाकायामापर्यंत १४.३ कि.मी.चा विजेवरील लोहमार्ग आहे. त्यावर १४ स्थानके आहेत.

प्रवासी घटल्यामुळे हा मार्ग चालविणाऱ्या कंपनीने तो सोडण्याचे ठरविले. तेव्हा मार्गावरील रहिवासी संघटित झाले. मार्गाखालील जमीन स्थानिक संस्थांनी आपल्याकडे घेतली, तोटा भरून काढण्याची काही वर्षांची हमी दिली आणि एप्रिल २००६ पासून नव्या कंपनीने गाड्या सुरू केल्या. जानेवारी २००७ मध्ये किशी स्थानकाजवळच्या दुकानातील 'तामा' नावाच्या मांजरीस मानाचे स्टेशनमास्तरपद देण्यात आले. तिला पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येऊ लागले. २०१० मध्ये स्थानकाची इमारत मांजरीच्या मुखवट्याच्या आकारात नव्याने बांधण्यात आली. २०१५ मध्ये तामा मरण पावली, तरी मार्ग चालू राहिला.

या हकीकतीतील मांजर सर्वांच्या लक्षात राहते. खरा बोध मात्र तिच्या आधीच्या घटनेत आहे. जमीन कोणाची, तोटा कोण सोसणार आणि गाडी कोण चालविणार, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रथम निश्चित झाली. तामा आली ती नंतर. शकुंतलेच्या बाबतीत हेच तीन प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिले. किशीचा मार्ग १४ कि.मी.चा आणि शकुंतलेचा ११३ कि.मी.चा, हा फरकही ध्यानात ठेवला पाहिजे. एखादी योजना जशीच्या तशी उचलून चालत नाही. प्रश्न विचारण्याची पद्धत मात्र घेता येते.

पुढील वाट

या भागातील रेल्वेचे चित्र बदलत आहे. वाशीमवरून जाणारा अकोला-पूर्णा मार्ग २००८ मध्ये रुंदमापी झाला. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा-कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. दारव्हा, दिग्रस व पुसद ही गावे या मार्गावर येतात. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. तेथे संत सेवालाल महाराजांची समाधी असून ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. शेजारच्या दिग्रसला रेल्वे आल्यावर येथील यात्रेकरूंना नवी सोय होईल. स्थानकापासून तीर्थापर्यंतचा रस्ता, बसची वेळ, पिण्याचे पाणी व दिशादर्शक फलक यांचा विचार गाडी येण्यापूर्वीच होणे इष्ट आहे. स्थानक आणि स्थळ यांची सांगड घातली नाही, तर प्रवासी उतरतो आणि गोंधळतो.

जुन्या मार्गाबाबतही करण्यासारखे पुष्कळ आहे. स्थानकाच्या इमारती, विहिरी, छोटे पूल आणि फाटके यांची ग्रामपंचायतींनी छायाचित्रांसह नोंद ठेवावी. मालकी व रुंदीकरण यांचे निर्णय वरिष्ठ पातळीवर व्हावयाचे असले, तरी अशी नोंद ठेवण्यास कोणाची आडकाठी नाही. उद्या मोजणी किंवा आखणी सुरू झाली, म्हणजे गावाची मागणी मांडण्यास हीच नोंद उपयोगी पडेल. शिक्षकांनी परिसर अभ्यासात शकुंतलेचा पाठ घ्यावा. गाडीने शाळेला, बाजाराला किंवा दवाखान्यात गेलेली वडीलधारी माणसे अद्याप गावोगावी आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांच्या आठवणी वहीत उतरून घेतल्यास जिल्ह्याच्या इतिहासाचे एक साधन तयार होईल. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही, कारण रूळ पुन्हा टाकता येतात, सांगणारी माणसे पुन्हा मिळत नाहीत.

कारंज्याच्या वेशींवर आज पहारा नाही. तरीही त्यांची नावे लोकांच्या तोंडी आहेत, कारण गावाने ती वापरात ठेवली. शकुंतलेची स्थानके केवळ पडक्या भिंती म्हणून उरतील, की उद्याच्या दळणवळणाच्या आखणीत त्यांना स्थान मिळेल, हे बऱ्याच अंशी मार्गावरील गावांच्या जागरूकतेवर अवलंबून राहील.